सव्वादोनच्या बांगड्या

आधी सकीना बींचं नाव लिहिते, मग हकीकत. मी अशी घाबरट, की लिहिता लिहिता दूध उतू गेल्याचा भास होऊन उठेन आणि नेमकं त्यांचंच नाव राहून जाईल. सकीना बी म्हणजे भोपाळच्या जुन्या शहरातून डोक्यावर टोपली घेऊन गोविंदपुऱ्यापर्यंत चालत येणाऱ्या चुडीवाल्या. आमची सगळी कॉलनी त्यांना खाला म्हणते, म्हणजे मावशी. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, ह्यांनी सोसलं, आणि आत्याबाईंनी (आमच्या कऱ्हाडकडे सासूला आत्याबाई म्हणतात) शेवटी जे केलं ते पुढे येईलच. पण आजार पकडला तो खालांनी. नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही. बांगड्या भरताना पकडला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि मुलीला ओढा ओलांडून रोज कोण पाठवणार? तेव्हा आपल्या शरीरात आत काय काय असतं, हे मला पुस्तकाने नव्हे, आजारानेच शिकवलं. शुद्धलेखन चुकलं तर हसू नका. आणि वाचता वाचता कुणा बाईला वाटलं, अगं, हे तर माझंच चाललंय, तर तिने उगीच माझ्यासारखे दोन हिवाळे वाया घालवू नयेत, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी आळशी झाले होते

नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झालं, आणि मागोमाग इथे मोठा कारखाना उभा राहू लागला. ह्यांना मशीन शॉपमध्ये काम मिळालं. कऱ्हाडहून निघालो तेव्हा गाड्या किती बदलल्या ते मला सांगता येणार नाही, कारण प्रत्येक स्टेशनावर मी ट्रंक मोजत होते. क्वार्टर मिळालं ते कोरं करकरीत. भिंतींना चुन्याचा वास, रस्त्याला अजून नाव नाही, समोर सोनागिरीच्या बाजूला नुसता माळ. सगळंच नवं. जुनी फक्त मी होत चालले होते, आणि वय होतं बावीस.

पहिल्यांदा थंडी. थंडी इथे सगळ्यांनाच वाजते, पण मी फाल्गुनातही ह्यांचा जाड कोट घालून भाकऱ्या थापायची. मग झोप. कणीक तिंबता तिंबता डोळा लागायचा. मग विसर. एकदा आमटीत मीठ तीनदा पडलं आणि दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. हे म्हणाले, "दोन दिवसांची सरासरी बरोबर आहे." तेव्हा ते अजून हसत होते.

पुढे केस गळू लागले, भुवयांची टोकं गेली, कातडी भाजलेल्या पापडासारखी कोरडी झाली. आवाज इतका घोगरा, की दाराबाहेरून पोस्टमनने मला "भाईसाहब" म्हटलं. महिन्याची अडचण आली की पंधरा पंधरा दिवस हलायची नाही. आणि अंग सुजत चाललं. खाणं तर चिमणीएवढं, तरी मी फुगत होते. शेजारणी म्हणायच्या, "भोपाळचं पाणी मानवलं हो तुम्हाला!"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं. एका वैद्यांनी काढा दिला. मी दोन्ही घेतलं आणि दोन्ही घेऊन झोपले.

एक दिवस हे पाळीवरून आले, तर चूल पेटलेली नव्हती. मी तिच्यासमोर काडेपेटी हातात धरून बसले होते. काय करायला बसले ते आठवत नव्हतं. ह्यांचा तोल गेला. "अगं, गंजलेलं मशीनसुद्धा तेल घातलं की फिरतं!" असं ओरडले आणि लगेच बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी रडलेसुद्धा नाही. रडायलाही अंगात चपळाई लागते.

त्याच आठवड्यात आत्याबाईंचं पत्र आलं. सासऱ्यांकडून लिहवून घेतलेलं. "सूनबाईला काम होत नसेल तर तिला इकडे पाठवून दे. तू खानावळीत जेव." ह्यांनी उत्तर लिहिलं, दिवाळीपर्यंत थांबा. त्यावर परत पत्र: "दिवाळीला मी स्वतः येते. अंगात जीव आला असेल तर ठीक. नसेल तर कार्तिकी एकादशी झाली की सोबत घेऊन जाते."

आमच्या आळीतली यमुना अशीच हवापालटाला म्हणून माहेरी आली होती. तिच्याबरोबर आलेली ट्रंक मी परकरात असताना पाहिली. माझं लग्न झालं तेव्हाही ती ट्रंक तिथेच होती, यमुनाही तिथेच होती. पाठवलं जाणं सोपं असतं. परत आणायला कुणी येत नाही.

तीन बांगड्या वाढल्या

संक्रांतीला खाला आल्या. पायरीवर टोपली उतरवली, फडकं सोडलं आणि माझा हात मांडीवर घेतला. आदल्या वर्षी मला सव्वादोनच्या बांगड्या झाल्या होत्या. बांगड्यांचं माप असं असतं, सव्वादोन म्हणजे हात लहान, अडीच म्हणजे भरलेला. खालांनी सव्वादोनची हिरवी घेतली, माझी बोटं एकत्र चेपली आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "हाथ ढीला छोड़ो, दुल्हन."

सोडला. बांगडी आंगठ्याच्या हाडावर अडली आणि कट्कन वाढली. (काचेची बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत.) दुसरी घेतली, तीही वाढली. तिसरी वाढली तेव्हा मी पांढरी पडले. संक्रांतीच्या दिवशी सवाष्णीच्या हातात तीन! ह्यांचं काही बरंवाईट होणार असंच माझ्या डोक्यात आलं.

खालांना शकुन-अपशकुनाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या माझा हात उलटापालटा करून बघत होत्या. आंगठ्याने मनगटावर दाब दिला, सोडला, परत दिला.

"ये चर्बी नहीं है," त्या म्हणाल्या. "चर्बी का हाथ नरम होता है, फिसलता है. और पानी भरा हो तो दबाने से गड्ढा पड़ता है. इसमें गड्ढा भी नहीं पड़ता. बोलो तो ज़रा कुछ."

"काय बोलू?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हओ!" खालांनी मांडीवर थाप मारली. "यही! यही आवाज़!"

मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी जुन्या शहरातल्या एका मोठ्या घरात त्या बांगड्या भरायला जात. तिथल्या धाकट्या सुनेचे हात असेच फुगले, असाच आवाज, अशीच झोप. घरच्यांनी ताईत बांधले, झाडफूक केली. शेवटी एका डॉक्टरणीने गोळ्या दिल्या आणि सुनेचा हात परत सव्वादोनवर आला. "हमको लोगों के चेहरे याद नहीं रहते, दुल्हन. हाथ याद रहते हैं."

दुसऱ्या दिवशी ह्यांना सुट्टी मिळेना. खाला म्हणाल्या, मर्दाचं तिथे कामच काय. टांगा आणला, मला कोटासकट आत बसवलं आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. बायकांची रांग दारापर्यंत. पण खाला तिथल्या अर्ध्या नर्सांना बांगड्या भरत असत. "सिस्टर, पहले मेरी दुल्हन," असं म्हणत त्या मला टोपलीसारखीच पुढे घेऊन गेल्या.

टाचेवर टिचकी

डॉक्टरीणबाई उंच, चष्मा लावणाऱ्या, चालताना खट् खट् आवाज करणाऱ्या. त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून बसायला सांगितलं, पाय मागे लोंबते. मला वाटलं आता काहीतरी टोचणार. मी खालांचा हात असा आवळला, की त्यांच्याच बांगड्या वाढायची वेळ आली.

"हाथ ढीला छोड़ो," खाला कानात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी छोट्या हातोडीने टाचेच्या वर टिचकी मारली. पाऊल उडालं. मग सावकाश, अगदी सावकाश, सासरी निघालेल्या मुलीसारखं खाली आलं. डॉक्टरीणबाईंनी परत मारली. परत तसंच. त्यांचा चेहरा असा फुलला, जणू मी परीक्षेत पहिली आले होते. शिकाऊ डॉक्टरांना हाका गेल्या. दहा-बारा जण येऊन माझ्या टाचेकडे बघू लागले. आयुष्यात माझ्या एखाद्या गोष्टीला इतकी माणसं जमल्याची ही पहिलीच वेळ. लग्नातसुद्धा मी मुंडावळ्यांआड होते.

मी धीर करून विचारलं, "मला वेड लागतंय का?"

"वेड?" त्या हसल्या. "अरे नहीं. तुम आलसी भी नहीं हो. तुम्हारे गले में एक ग्रंथि है, वो आलसी है."

मी आळशी नाही! हे वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं म्हणून सांगू. आजार निघाला म्हणून माणसं रडतात. मला तर त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटत होते.

सास, बहू आणि डबा

वॉर्डात अठरा दिवस होते. पहाटे सिस्टर येऊन मनगट धरायची आणि नाडी मोजायची. पहिल्या दिवशी बावन्न. ती मोजून परत मोजायची, मला वाटायचं, मध्येच थांबली की काय. मग दूध, मग अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी. डॉक्टरीणबाई नव्या मुलांना म्हणायच्या, "पहले इनसे नाम पूछो, फिर देखो मत, सुनो." मी नाव सांगायची, "इंदू", आणि ती मुलं माझा आवाज वहीत लिहून घ्यायची. आवाज कसा लिहितात कोण जाणे.

शेजारच्या खाटेवर सीहोरची गुलाबबाई. तिला साखरेचा आजार. तिची पोटातली ग्रंथी कामचुकार, माझी गळ्यातली. तिला रोज सुई. दिवसभर तहान आणि दिवसभर धाव. ती म्हणायची, "तू सोई रहती है, मैं भागी फिरती हूँ. भगवान दोनों को मिला के छान लेता, तो एक ढंग की औरत निकल आती."

रविवारी हे आले. डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, तरी सासू-सुनेचं त्यांना बरंच कळत होतं.

"डोक्याच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," त्यांनी हिंदीत सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. "ती सासू. गळ्यात फुलपाखरासारखी दुसरी असते, ती सून. सासू हुकूम सोडते, चूल पेटव. सून फुंकणी घेते, सगळ्या घराला ऊब मिळते, हात-पाय-डोकं-काळीज कामाला लागतं. घर गरम झालं की सासू गप्प बसते. जास्त झालं तर आणखी गप्प. कमी पडलं की परत ओरडते. असं दोघींचं दिवसरात्र चालतं, म्हणून आपण ठीक असतो. तुमची सून झोपली आहे. सासू ओरडून ओरडून दमली."

"मग सुनेला उठवायचं कसं?" ह्यांनी विचारलं.

"ती आता उठायची नाही. घरात स्वयंपाक होत नसेल तर काय करता?"

हे म्हणाले, "खानावळीतून डबा आणतो."

"बस. ही गोळी म्हणजे डबा. रोज सकाळी एक. रोज. जन्मभर."

जन्मभर म्हटल्यावर मी धसकले. पण पहिली गोळी गिळली. आणि गिळल्यावर, माझा स्वभावच तो, विचारलं, "ही कशाची असते?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता येत नसावं. "मेंढीच्या गळ्यातली तीच ग्रंथी. वाळवून, कुटून."

आमच्या घरात सासू-सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. जिन्यात म्हणाले, "औषधाला जात नसते गं. आणि आईला कळवायचं काही कारण नाही."

घाम आला

हळूहळू सासूचं ओरडणं थांबलं असावं. नाडी साठ झाली, पासष्ट झाली. होळीला मी कोट काढला. एका सकाळी चूल पेटवली, दोन भाज्या केल्या आणि घड्याळ पाहिलं तर ह्यांच्या डब्याला अजून तासभर अवकाश! त्या तासाचं काय करायचं तेच कळेना. उगीच सगळी भांडी घासली.

वैशाखात, सगळं भोपाळ उकाड्याने हैराण असताना, माझ्या कपाळावरून एक थेंब ओघळला. मी तो बोटावर घेतला आणि धावत ह्यांना दाखवायला गेले. "बघा! घाम!" हे टॉवेलने मान पुसत म्हणाले, "अभिनंदन. आता माझाही घे थोडा."

खालांनी जेठाच्या महिन्यात सव्वादोनची बांगडी सर्रकन चढवली. एकही वाढली नाही. मी त्यांना वाकून नमस्कार केला तर त्या मागे सरकल्या. "बस बस, चूड़ी टूट जाएगी."

गोळ्यांची बाटली मात्र स्वयंपाकघरात ठेवायला माझा हात धजेना. मी ती व्हरांड्यात, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, पाने आणि कानशींच्या शेजारी. सकाळी तिथेच उभ्याने गोळी गिळायची, चूळ भरायची, मग आत यायचं. गोळीला मशीनच्या तेलाचा वास लागे. पण घर निर्मळ राही.

माझी अक्कल

आता माझी चूक सांगते. ह्यात मेंढीचा दोष नाही.

आषाढात चातुर्मास लागला. कांदा बंद, लसूण बंद, वांगंसुद्धा वर्ज्य. मी मनाशी म्हटलं, इंदू, देवाने तुला बरं केलं, आणि ज्या दिवशी देवाला वांगंसुद्धा चालत नाही त्या दिवशी तू मेंढी गिळतेस? निदान उपासाच्या दिवशी तरी नको. म्हणून एकादशीला गोळी बंद. चतुर्थीला बंद. बरी झाले त्याचे सोमवार बोललेले होते, तेव्हा सोमवारी बंद. श्रावणात शनिवार आले.

थोडं जड वाटू लागलं. वाटलं, देवाचंच काही राहिलं असेल. गुरुवार धरले. आणखी जड वाटलं. दिवाळी जवळ येऊ लागली, आत्याबाई यायच्या झाल्या. मी मंगळवारही धरले. जितकी घाबरायची तितके उपास, आणि जितके उपास तितक्या गोळ्या कमी. असं माझं मीच दळण घालत होते, आणि ह्यांना सांगत होते, "हो, घेतली की."

आत्याबाई वसुबारसेला उतरल्या. दोन दिवस मी कशीबशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी करंजीला मुरड घालता घालता माझी मान खाली गेली. जागी झाले तर आत्याबाई समोर बसून माझ्या हातातली करंजी पूर्ण करत होत्या. त्या टोमणे मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारले असते तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या होत्या.

"ह्याला मी काय म्हणू रे," त्या ह्यांना म्हणाल्या. "पोरगी जाग्यावर निजती. एकादशी झाली की हिला घेऊन जाते. तिथं चार माणसं तरी हायेत बघायला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रोज गोळी घेते असंच ते धरून होते; त्यांना वाटलं, औषधच लागू पडेनासं झालं. ट्रंक खाली आली. माझी लुगडी तिच्यात गेली. यमुनाची ट्रंक मला दिसत होती, तिच्यावर वाळत घातलेल्या कुरडयांसकट.

खालांचा आंगठा

एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी खाला आल्या. आत्याबाईच म्हणाल्या, "हिच्या हातात बांगड्या भरा बाई. प्रवासाला असल्या दोन-दोन बांगड्यांनी नको."

खालांनी सव्वादोनची घेतली. बोटं चेपली. थांबल्या. बांगडी परत टोपलीत ठेवली आणि आंगठ्याने मनगट दाबलं.

"दुल्हन, गोली खाती हो?"

"हो."

"रोज़?"

मी पायरीवरच्या मुंगीकडे बघत राहिले.

"जेठ में सवा दो, कार्तिक में अढ़ाई?" खालांचा आवाज चढला. "ज़बान झूठ बोले तो बोले, तुम्हारा हाथ हमसे झूठ नहीं बोलेगा! कितने दिन छोड़ी?"

मला रडू आलं. आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार, गुरुवार, मंगळवार. आणि ज्याची मला सगळ्यात भीती होती तेही. मेंढी.

आत्याबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. हे दारात उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

खालांनी कपाळावर हात मारला. "अरे, बीमार को तो हमारे यहाँ रोज़ा भी माफ़ है!"

आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय म्हणली ती डॉक्टरीण? समदं सांग. पयल्यापासनं."

मी सांगितलं. वाटाण्याएवढी सासू, फुलपाखराएवढी सून, फुंकणी, डबा. आत्याबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "म्हंजे डोक्यातबी सासूच? तिथंबी आम्हीच आरडाओरडा करायचा व्हय?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "म्हंजे तू डबा बंद केलास की आत समद्यांचाच उपास. काळजाचा, डोक्याचा, हातापायाचा. होय ना?"

"होय."

"एवढ्या जिवांना उपाशी ठेवून कुठलं पुण्य लागायचं गं, येडे?"

एवढंच बोलून त्या उठून आत गेल्या. रात्री मी ट्रंकेकडे बघत झोपले.

सकाळी अंघोळ करून आले तर आत्याबाई स्वयंपाकघरात उभ्या. कपाळाला बुक्का, हातात तांब्या. एकादशी म्हणून त्यांच्या स्वतःच्या पोटात पाणीसुद्धा गेलेलं नव्हतं. दुसऱ्या हातात गोळ्यांची बाटली, पदराने तेल पुसून लखलखीत केलेली. त्यांनी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"गीळ."

"आत्याबाई, आज एकादशी..."

"मला सांगतीस? गीळ म्हणते ना. देवाला काय सांगायचं ते मी सांगते. माझी त्याची वळख तुझ्यापेक्षा जुनी हाय."

मी गिळली. त्यांनी मला आ करायला लावून बघितलंसुद्धा. मग बाटली घेतली आणि फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. चुलीपासून हातभर अंतरावर. ह्यांना हाक मारून म्हणाल्या, "ती ट्रंक वर टाक. माझी पिशवी तेवढी खाली राहू दे. मी एकटीच जाते. ही तुझ्या राज्यात हाय तेच बरं, हितं डॉक्टरीण हाय, बांगडीवाली हाय. आमच्याकडं कोण हाय हिची चोरी पकडणारं?"

जाण्याआधी त्या डॉक्टरीणबाईंना भेटून आल्या. मराठीत भांडल्या, "सुनेला झोपाळू म्हणता, सासूला भांडखोर म्हणता, आणि नवऱ्याची ग्रंथी कुठंय हो तुमच्या गोष्टीत?" ह्यांनी भीत भीत हिंदी करून सांगितलं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा पुसावा लागला.

आता पत्रात पहिली ओळ ठरलेली असते: "गोळी चालू आहे ना." दुसऱ्या ओळीत ह्यांची चौकशी. हे म्हणतात, माझा नंबर घसरला.

आणि एक बाकी

ह्या संक्रांतीला सव्वादोनची बांगडी परत चढली. डझनभर भरल्या, एकही वाढली नाही. मी खालांना तिळगूळ दिला. त्या टोपली डोक्यावर घ्यायला वाकल्या आणि माळावरचा वारा जोरात आला. त्यांची ओढणी उडाली. इतक्या दिवसांत ती ओढणी गळ्यापासून हललेली मी पाहिली नव्हती. ती तशी का घट्ट गुंडाळलेली असते ते तेव्हा कळलं. गळ्याच्या मधोमध, लिंबाएवढी गाठ.

"खाला, हे काय?"

त्यांनी ओढणी ओढून घेतली. "कुछ नहीं. बरसों से है. हमारा ज़ेवर समझो."

"दाखवायचं कधी?"

"हमें क्या हुआ है? खाते हैं, चलते हैं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "वहाँ चाकू चलाते हैं, दुल्हन."

सगळ्या भोपाळचे हात ओळखणारी बाई, स्वतःच्या गळ्याला हात लावायला भीत होती. भीती म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा चाकूपर्यंत जातही नाही, पण पाहिल्याशिवाय कसं सांगू, घेऊन या. मी खालांना सांगितलं. खाला म्हणाल्या, रमज़ान होऊ दे. मग म्हणाल्या, पुतणीचं लग्न होऊ दे. कारणं कशी काढायची हेही मला कुणी शिकवायला नको.

पण मी सोडणार नाही, हे इथे लिहून ठेवते. लिहिलेलं मोडता येत नाही, असं आम्हाला चौथीपर्यंत तरी शिकवलं होतं. एक दिवस मी टांगा आणीन. टोपली आमच्या पायरीवर ठेवायला लावीन, खालांना पुढे घालीन आणि त्या रांगेत ओरडेन, "सिस्टर, पहले मेरी खाला." डॉक्टरीणबाई गळ्याला हात लावायला पुढे होतील, तेव्हा खाला माझं मनगट आवळतील, अगदी बांगड्या वाढतील इतकं. वाढू देत. मी त्यांची बोटं दोन्ही हातांत घेईन, त्या घेतात तशीच चेपीन, आणि कानात म्हणेन, "हाथ ढीला छोड़ो, खाला."